फुकटची मुदत संपल्यावर हातात काय उरतं?

लातुरात औसा रोडला माझं दोन खोल्यांचं सॉफ्टवेअरचं दुकान आहे. कंपनी म्हणायला जीभ रेटत नाही, कारण गिऱ्हाईक जिना चढून येतं, चहा घेतं आणि "पट्टीवर नाव नीट का येईना?" म्हणून भांडतं. आमचं मुख्य काम आडतीच्या हिशोबाचं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायची हिशोबाची पावती. एकच प्रोग्रॅम तीन ठिकाणी चालवावा लागतो. आडतीवरच्या जुन्या विंडोज पीसीवर, सौद्याला उभ्या असलेल्या मुनीमाच्या अँड्रॉइड फोनवर, आणि मालकाचा लेक पुण्याला नोकरीला असतो त्याच्या मॅकबुकवर. आज सोयाबीनचे किती कट्टे झाले हे त्याला तिकडं बसून बघायचं असतं. म्हणून एकदा लिहिलेला प्रोग्रॅम सगळीकडं चालेल असा करून देणारी, म्हणजे क्रॉस-प्लॅटफॉर्म टूल्स हा आमच्या पोटापाण्याचा विषय आहे.

ही टूल्स विकणारे वर्षभर काही ना काही फुकट वाटत असतात. कुणी ३० दिवस देतं, कुणी एक वर्ष, कुणी 'फक्त आजच'. माझ्याकडं शिकायला येणारी लेकरं अशा लिंका सतत पाठवतात. "मॅडम, आज रात्रीपर्यंतच फुकट हाय, घिऊन टाकू का?" घ्यायला माझी हरकत नसते. पण घ्यायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहायचं, असा आमच्या दुकानात नियम आहे: मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या हातात काय उरतं? पुढं जे लिहिलंय ते सगळं या प्रश्नापायीच.

फुकटचे प्रकार

'फ्री' हे बटण सगळीकडं एकसारखंच दिसतं, मागचा व्यवहार मात्र वेगवेगळा असतो.

सगळ्यात सरळ प्रकार ट्रायलचा. जेटब्रेन्स या कंपनीची कोड लिहायची बहुतेक टूल्स ३० दिवस पूर्ण चालतात, मग पैसे मागतात. यात धोका कमी असतो, कारण तुम्ही लिहिलेला कोड साध्या मजकुराच्या फायलींत असतो. आयडीई, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्रॅम, बंद पडला तरी तोच कोड व्हीएस कोड या फुकट एडिटरमध्ये उघडतो. पण ज्या टूलमध्ये स्क्रीन माउसने ओढून मांडायच्या असतात आणि प्रोजेक्ट त्यांच्या स्वतःच्या बंदिस्त फाइलीत साठतो, तिथं ट्रायल संपली की कामही कुलपात जातं. म्हणून पहिल्याच दिवशी एक रिकामा प्रोजेक्ट करून त्याचं फोल्डर नोटपॅडमध्ये उघडून बघा. वाचता येण्यासारखं दिसलं तर पुढं जा.

दुसरा प्रकार एका दिवसाच्या वाटपाचा. 'गिव्हअवे ऑफ द डे' ही साइट २००६ पासून रोज एक विकाऊ सॉफ्टवेअर फुकट देते. त्याच दिवशी उतरवायचं, त्याच दिवशी बसवायचं आणि चालू करायचं. पुढच्या आवृत्त्या मिळत नाहीत, मदत मिळत नाही आणि धंद्यासाठी वापर चालत नाही. घरच्या पीसीवर हौसेला ठीक आहे. गिऱ्हाइकाच्या कामात असलं काही आणू नका, कारण विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की ते परत बसवता येत नाही. आणि आडतीवरच्या पीसीवर ती वेळ येतेच.

तिसरा प्रकार अटींचा. इथं घड्याळ नसतं, उंबरठा असतो. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी हे कोड लिहायचं टूल एकट्या माणसाला फुकट आहे. छोट्या संस्थेत जास्तीत जास्त पाच जणांना वापरता येतं. २५० पेक्षा जास्त संगणक किंवा १० लाख डॉलरपेक्षा जास्त वार्षिक उत्पन्न असलेल्या मोठ्या कंपनीला साधारण कामासाठी ते चालत नाही. औसा रोडला याची काळजी नको. डेल्फी या दुसऱ्या टूलच्या कम्युनिटी एडिशनचा उंबरठा मात्र बराच खाली आहे: वर्षाला ५,००० डॉलर, म्हणजे चार-साडेचार लाख रुपये, आणि परवानाही एका वर्षाचा. बरं चाललेलं छोटं दुकान तिथं सहज अडखळतं. शिवाय डेल्फी स्वतः चालतं विंडोजवर. अँड्रॉइड, मॅक, आयफोनसाठी प्रोग्रॅम तयार करतं, पण बसायला विंडोज लागतंच. क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणताना टूल कुठं चालतं आणि त्यातून तयार झालेला प्रोग्रॅम कुठं चालतो, हे दोन्ही वेगवेगळं विचारा.

याच घराण्यातली 'धंद्यासाठी नाही' ही पाटी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जेटब्रेन्सने रायडर आणि वेबस्टॉर्म ही आपली टूल्स बिगर-व्यावसायिक वापरासाठी फुकट केली, २०२५ मध्ये सीलायनही. शिकणं, हौस, कमाई नसलेलं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) काम, शिकवण्याचे व्हिडिओ, हे सगळं त्यात बसतं. आडत्याकडून पैसे घेऊन केलेलं काम बसत नाही. आणखी एक किंमत त्यात आहे. वापराची निनावी माहिती कंपनीकडं जाते आणि या फुकटच्या परवान्यात ती बंद करता येत नाही.

चौथा प्रकार कच्च्या आवृत्त्यांचा. नवी आवृत्ती बाजारात येण्याआधी 'अर्ली ॲक्सेस' म्हणून ती वाटतात. जेटब्रेन्सची अशी प्रत ३० दिवसांनी बंद पडते, तोवर बहुधा पुढची आलेली असते. नवं काय येणार ते कळतं, पण त्यातल्या चुका शोधायला तुम्हीच असता. सोयाबीनच्या हंगामात असला उद्योग कुणी करू नये.

पाचवा प्रकार विद्यार्थ्यांचा. त्यावर पुढं सविस्तर लिहिते, कारण मराठवाड्यातल्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं.

या सगळ्याच्या पलीकडं खरंच मोकळी टूल्स आहेत. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह, कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्म, डॉटनेट माउई, खेळांसाठी गोडो, आणि पास्कल भाषा येणाऱ्यांसाठी लाझारस. क्यूटीही एलजीपीएल या मोकळ्या परवान्याखाली फुकट वापरता येतं, फक्त त्याची लायब्ररी (तयार कोडचा संच) वेगळी ठेवायची आणि वापरणाऱ्याला ती बदलता आली पाहिजे, या अटी पाळाव्या लागतात. ऑफर कितीही गोड असली तरी आधी या यादीशी तुलना करायची. फ्लटरमध्ये होण्यासारखं काम असेल तर वर्षभराच्या फुकट परवान्यासाठी नवी भाषा शिकण्यात अर्थ नाही.

कायमचं फुकटसुद्धा बदलतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने झॅमरिन हे मोबाइल ॲप बनवायचं टूल विकत घ्यायचं जाहीर केलं, मार्चच्या शेवटी ते सगळ्यांना फुकट केलं, आणि १ मे २०२४ रोजी त्याचा आधार बंद झाला. लाइव्हकोड हे असंच प्रोग्रॅम बनवायचं टूल २०१३ मध्ये लोकवर्गणीतून ओपन सोर्स झालं आणि २०२१ मध्ये कंपनीने ती फुकट आवृत्ती काढणं थांबवलं. खेळ बनवायचं टूल विकणाऱ्या युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये दर इन्स्टॉलमागं आकार लावायचं जाहीर केलं, जगभरातून ओरड झाली आणि वर्षभराने तो रद्द करावा लागला. यातलं लाइव्हकोडचं उदाहरण मला सगळ्यात कामाचं वाटतं. कंपनीने हात काढला तरी आधी जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली दिलेला कोड लोकांकडं राहिला आणि त्यावर काही जणांनी पुढं काम चालू ठेवलं. फुकट दिलेलं आणि परवान्याने मोकळं केलेलं यात फरक पडतो तो असा.

तीन तारखा

ऑफरच्या पानावर बहुधा एकच तारीख ठळक असते. खरं तर तीन असतात. घ्यायची शेवटची तारीख, चालू करायची शेवटची तारीख, आणि वापर संपायची तारीख. पहिली मोठ्या अक्षरात असते, दुसरी अटींच्या पानावर असते, तिसरी कधी कधी परवाना हातात आल्यावरच कळते. आमच्याकडं भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिन्ही लिहितो, वेगवेगळ्या शाईत. फोनवरचं रिमाइंडर डावीकडं सरकवून मोकळं होता येतं, भिंतीवरचं रोज समोर राहतं.

मधली तारीख का महत्त्वाची? परदेशातल्या मोठ्या ऑफर ब्लॅक फ्रायडेला येतात, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, दसरा-दिवाळीपासून सोयाबीनची आवक जोरात असते, आणि तेव्हा आडतीवरच्या पीसीला हात लावू म्हटलं तर मालक अंगावर येतो. अशा वेळी चालू करायची मुदत लांब असेल तर परवाना घेऊन ठेवायचा आणि हंगाम ओसरल्यावर चालू करायचा. घेतल्या क्षणी घड्याळ सुरू होणार असेल तर सोडून द्यायची. सगळ्यांत वाईट ट्रायल म्हणजे जी सुरू झाली आणि उघडलीच नाही. बऱ्याच ठिकाणी ती एका खात्याला एकदाच मिळते.

वेळेचा हिशोबही नीट करा. 'रात्री ११:५९ पर्यंत' लिहिलेलं असतं, पण रात्र कुठली? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तास मागं असते आणि उन्हाळ्यात साडेबारा. म्हणजे ब्लॅक फ्रायडेच्या दिवसांत तिकडचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी दुपारचे १:२९. युरोपातली कंपनी असेल तर हिवाळ्यात मध्य युरोपची मध्यरात्र आपल्याकडं पहाटे साडेचारला होते. आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. लेकरं रात्री बाराला धावपळ करतात ती बहुतेक वेळा विनाकारण असते. तरीही शेवटच्या तासावर काही ठेवू नका. त्यात लाइट जाणार नाही याची हमी आमच्याकडं कुणी देत नाही.

कार्ड द्यायचं का?

कार्ड न मागणारी ऑफर आधी घ्यावी, एवढं तर सगळ्यांना कळतं. मागणारीच घ्यायची वेळ आली तर आपल्याकडचे नियम आपल्या बाजूचे आहेत, ते वापरा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२० पासून कार्डाचा परदेशातला आणि ऑनलाइन वापर आपल्याला हवा तेव्हा चालू-बंद करता येतो, मर्यादाही ठरवता येते. बँकेच्या ॲपमध्ये जा, परदेशी व्यवहार चालू करा, मर्यादा अगदी कमी ठेवा. पडताळणीसाठी एखादी छोटी रक्कम कापून परत येते, तेवढ्यापुरतीच. काम झालं की बंद. दुसरा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासूनचा. दर महिन्याला किंवा वर्षाला आपोआप पैसे कापायचे असतील तर सुरुवातीला ओटीपीने मंजुरी लागते आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. त्या सूचनेतूनच नकार देता येतो. १५,००० रुपयांपर्यंत नंतर दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळं ती सूचना जाहिरात समजून पुसू नका. यूपीआय ऑटोपेने मंजुरी दिली असेल तर ज्या ॲपमधून दिली तिथं मँडेटच्या यादीत ती दिसते आणि तिथून रद्द करता येते.

आमची पद्धत अशी: ट्रायल सुरू झाली की त्याच बैठकीत 'ऑटो-रिन्यू' बंद करायचं. बऱ्याच ठिकाणी बंद केलं तरी मुदतीपर्यंत टूल चालतं. ज्या ठिकाणी बंद करताच ट्रायलही संपते, तिथं कॅलेंडरवर तीन दिवस आधीची खूण करायची. बऱ्याच परदेशी साइटवर रुपे डेबिट कार्ड चालत नाही, म्हणून पोरं मित्राचं कार्ड मागतात. देऊ नका, घेऊ नका. मैत्रीतल्या हिशोबाला पट्टी नसते.

उतरवणं आणि जपून ठेवणं

व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर जायचं नाही. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून जायचं आणि ऑफर तिथं दिसते का ते बघायचं. तिथं नसेल तर ती नाही. टेलिग्रामवर शंभर-दोनशे रुपयांत 'लाइफटाइम की' विकतात, ती कुणाची तरी चोरलेली असते. क्रॅकसोबत काय येतं हे बँकेचं ॲप असलेल्या मशिनवर बघायची हौस कुणाला असेल तर गोष्ट वेगळी.

परवान्यासाठी दुकानाचा एकच वेगळा ईमेल ठेवा, कुणा मुलाच्या नावाचा नको. लातूरची पोरं तयार झाली की पुण्याला नाहीतर हैदराबादला जातात आणि जायलाही पाहिजे. त्यांच्याबरोबर परवाना जायला नको. की आली की ती ईमेलमध्ये, वहीत आणि पेन ड्राइव्हवर अशी तिन्हीकडं. त्याच दिवशी अटींचं पान पीडीएफ करून ठेवा. अटी नंतर बदलल्या तर तुम्ही कुठल्या अटींवर घेतलं होतं याचा तोच पुरावा.

शक्य तिथं ऑफलाइन इन्स्टॉलर घ्या. छोटा 'वेब इन्स्टॉलर' दिसायला बरा, पण बाकीचं सगळं तो नंतर ओढतो, आणि मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. व्हिज्युअल स्टुडिओचा सगळा पसारा 'लेआउट' करून एका फोल्डरात साठवता येतो, मग तीच डिस्क तीन मशिनला पुरते. अँड्रॉइड स्टुडिओला नुसत्या आयडीईसाठी ८ जीबी आणि एम्युलेटरसकट (पीसीवर चालणाऱ्या नकली फोनसकट) १६ जीबी तरी मोकळी जागा हवी, त्यामुळं आधी डिस्क बघा. थांबलेलं डाउनलोड पुढून सुरू करणारा डाउनलोड मॅनेजर ठेवा. फाइल उतरली की कंपनीने दिलेला एसएचए-२५६ आकडा पडताळा, फाइल जशीच्या तशी उतरली का हे त्यावरून कळतं. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल आहे, लिनक्समध्ये एसएचए२५६सम. रात्रभर चालू-बंद होत उतरलेल्या फाइलीत हा आकडा जुळला नाही तर ती बसवायचीच नाही.

तपासायचं काय?

ट्रायलचे दिवस लोक टूलच्या कंपनीने दिलेला नमुना चालवण्यात घालवतात. तो चालणारच, त्यांनीच लिहिलाय. आमच्या दुकानात नव्या टूलची पहिली परीक्षा एकाच ओळीची आहे: 'शेतकऱ्याची हिशोबपट्टी'. ही ओळ स्क्रीनवर, पीडीएफमध्ये आणि थर्मल प्रिंटरवर, तिन्ही ठिकाणी नीट उमटली पाहिजे.

स्क्रीनवर आता बहुतेक ठिकाणी नीट येते. फ्लटर आणि क्यूटी दोन्ही अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतात, त्यामुळं जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जागच्या जागी बसतात. 'शेतकऱ्या'तला तो वाकडा र मात्र फॉन्टवर अवलंबून असतो, म्हणून विंडोज, अँड्रॉइड आणि मॅक तिन्हींवर सिस्टिमचा फॉन्ट वापरण्याऐवजी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा मोकळ्या परवान्याचा फॉन्ट प्रोग्रॅमसोबतच द्या.

खरी फजिती पीडीएफमध्ये असते. अनेक पीडीएफ लायब्ररी अक्षरं टाइप केलेल्या क्रमाने नुसती ओळीत मांडतात. मग पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडं यायची ती उजवीकडं जाते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. इंग्रजी नमुन्यात हे कधीच दिसत नाही. टूलचं पीडीएफ असं करत असेल तर दोन वाटा आहेत: एचटीएमएल करून ब्राउझरच्या इंजिनातून पीडीएफ काढायची, नाहीतर सगळी पट्टी चित्र म्हणून छापायची. ट्रायलमध्ये दोन्ही करून बघा. ज्या टूलमध्ये दोन्ही जमत नाही ते परत करा, त्याच्या स्क्रीन कितीही देखण्या असोत. थर्मल प्रिंटरला तर बहुधा चित्रच द्यावं लागतं, कारण स्वस्त प्रिंटरच्या आत देवनागरी नसतेच.

मग आकडे. आपल्याला १२,३४,५६७ असं हवं असतं. टूलची भाषा मराठी-भारत केली की बऱ्याच ठिकाणी आकडे देवनागरीत येतात, कारण मराठीसाठी तीच मूळ सोय ठरलेली आहे. छापायला छान. पण मुनीम फोनवर इंग्रजी आकडे टाइप करतो, आणि तोच आकडा परत वाचताना प्रोग्रॅमने देवनागरीची अपेक्षा धरली तर वजन शून्य होतं. दोन्ही प्रकारचे आकडे टाकून बघा. आणि एक चाचणी मोंढ्यातली: इंटरनेट बंद करून दहा पट्ट्या करा, मग चालू करा, नोंदी दुहेरी होतात का बघा. सौद्याच्या गर्दीत नेटवर्क असतं आणि नसतं.

जुन्या पीसीवर चालवायला विसरू नका. तुमच्या आय-सेव्हनवर पळणारं टूल ४ जीबी रॅमच्या मशिनवर काय करतं, यावर गिऱ्हाईक टिकतं.

विद्यार्थ्यांनी घ्यायचं ते

कॉलेजात असाल तर वरचं निम्मं विसरा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं स्टुडंट डेव्हलपर पॅक २०१४ पासून आहे आणि त्यात बऱ्याच कंपन्यांच्या ऑफर एकत्र मिळतात. कुठली कंपनी कधी आत, कधी बाहेर, हे बदलत असतं, म्हणून पॅकच्या पानावर आज काय आहे ते बघा. जेटब्रेन्सचा विद्यार्थी परवाना एका वर्षाचा असतो आणि शिकत असेपर्यंत दर वर्षी वाढवता येतो. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेच्या अझूर फॉर स्टुडंट्समध्ये १०० डॉलरची जमा मिळते आणि क्रेडिट कार्ड लागत नाही.

नांदेड, परभणी, बीडची पोरं अडतात ती पडताळणीत. कॉलेजच्या नावाचा ईमेल सगळ्या कॉलेजांत मिळत नाही. मग कागद द्यावा लागतो. ओळखपत्रावर तारीख नसेल तर ते परत येतं. ऑफिसातून बोनाफाईड काढा, इंग्रजीत, त्यावर चालू वर्ष आणि दिलेली तारीख स्पष्ट हवी. गिटहबच्या प्रोफाइलवरचं नाव कागदावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. बोनाफाईडवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव मधे असतं, प्रोफाइलवर नुसतं 'कोडर किंग' असतं, मग काय होणार? दोन टप्प्यांची सुरक्षा आधी चालू करा. आणि अर्ज कॉलेजच्या आवारातून करा. गिटहब तुम्ही कुठं आहात ते विचारतं, आणि सुट्टीत चाकूरच्या घरी बसून नांदेडच्या कॉलेजच्या नावाने अर्ज केला तर तुम्ही कॅम्पसजवळ दिसत नाही म्हणून तो परत येऊ शकतो. फोटो कॅमेऱ्याने काढताना कागद सपाट ठेवा, सावली पडू देऊ नका.

विद्यार्थी परवान्यावर पैशाचं काम चालत नाही. काकाच्या कृषी सेवा केंद्राचं बिलिंग करून दिलं आणि त्याने पाच हजार दिले, तर ते पैशाचंच काम. त्यासाठी मोकळं टूल वापरा, शिकण्यासाठी परवाना वापरा. शेवटच्या वर्षाला असाल तर परवाना संपायच्या आत पदवीनंतरची सवलत बघून ठेवा. जेटब्रेन्स अशी ४० टक्के देतं.

आयफोनचं वेगळं

कुठल्याही ऑफरमध्ये 'आयओएससुद्धा' लिहिलं असलं तरी शेवटची बांधणी, म्हणजे कोडचं चालतं ॲप करणं, ॲपलच्या एक्सकोडनेच होते आणि ते मॅकवरच चालतं. मॅक नसेल तर बाहेरची बिल्ड सेवा घ्यावी लागते. रिपॉझिटरी (गिटहबवरचं कोडचं फोल्डर) सार्वजनिक असेल तर गिटहब ॲक्शन्स या त्यांच्या बिल्ड सेवेवर मॅकची यंत्रंही फुकट मिळतात. खासगी असेल तर महिन्याचा फुकट कोटा मॅकवर फार लवकर संपतो. फुकट ॲपल खात्यावर स्वतःच्या फोनमध्ये ॲप टाकता येतं, पण सात दिवसांनी ते उघडायचं बंद होतं. स्टोअरसाठी वर्षाला ९९ डॉलर.

गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर, पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर ॲप बाजारात आणण्याआधी १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. हे १४ दिवस ट्रायलच्या ३० दिवसांतूनच जातात, म्हणून माणसं आधी गोळा करा. आडतीवर ते अवघड नाही, हमाल-मुनीम धरून बारा फोन एका ओट्यावर सापडतात.

मुदत संपायच्या आठवड्यात

तीन दिवस आधी सगळा कोड टूलच्या बाहेर काढून दुसऱ्या मशिनवर, ते टूल नसलेल्या, बांधून बघायचा. बांधला गेला तर निश्चिंत. नाही गेला तर त्या टूलची किंमत आता कळली, तिचा महिन्याचा भाग काढा आणि तेवढं त्या कामातून सुटतं का ते बघा. सुटत असेल तर विकत घ्या, त्यात कमीपणा नाही. जेटब्रेन्सच्या वर्गणीचं एक वर्ष पूर्ण झालं की वर्गणी थांबवली तरी त्या वर्षाच्या सुरुवातीची आवृत्ती कायमची तुमची राहते. विकत घेताना अशी सोय आहे का, हे प्रत्येक कंपनीला विचारा. जिथं नाही तिथं वर्षभर पैसे भरूनही ट्रायलच चाललेली असते.

सुटत नसेल तर मँडेट रद्द करा, कार्डाचा परदेशी वापर बंद आहे ना ते परत बघा, की वहीतून खोडा आणि टूल काढून टाका. नवा ईमेल काढून तीच ट्रायल पुन्हा घ्यायची आयडिया प्रत्येक बॅचमधल्या कुणाला तरी सुचते. त्याला मी लाझारस उतरवून देते आणि हिशोबपट्टीचं पान त्यात करून दाखव म्हणते.